आमच्या जिल्ह्याचे ग्रंथ

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात लाफायेट नावाचा एक खेडवळ परगणा आहे. त्याच्याच आधारे फॉकनर यांनी आपल्या कादंबऱ्यांचा कल्पित परगणा उभारला. आमच्या बीड जिल्ह्याचे ग्रंथवैभव त्याहून कितीतरी जुने. अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधी दाखवितात. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० चा, म्हणजे इ. स. ११८८ चा, अशी परंपरा आहे. वैनगंगेकाठचे आंभोरेही या मानावर हक्क सांगते आणि पंडितांचा वाद अद्याप मिटलेला नाही. (आम्हां मराठवाडेकरांस निकाल ठाऊकच आहे!) त्याच अंबाजोगाईचे दासोपंत, त्यांनी सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर ‘पासोडी’ लिहिली.

पुढे १९६९ साली शासनाने जिल्ह्याचे गॅझेटियर काढले. ग्रंथ उपयुक्त खरा, परंतु त्यात माणसाचा निःश्वास ऐकू येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील असंख्य जोडपी ऊसतोडीस निघतात. मुकादमाच्या वहीत पती व पत्नी मिळून एक ‘कोयता’, आणि उचलही त्या कोयत्यावर. तो ऊस तोडतो, ती मोळी बांधून डोक्यावरून वाहते. रात्री पाचटाच्या खोपीत दोघे विसावतात. प्रेमकथा लिहू इच्छिणाऱ्या तरुणाने चांदणे क्षणभर बाजूस ठेवून त्या खोपीतला रुसवा कोणत्या शब्दांत होतो, हे ऐकावे. इतिहास लिहिणाऱ्याने मुकादमांच्या जुन्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी मागून घ्याव्यात.