गोष्ट त्याची, मरण तिचं

(युवा अभ्यास शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिला होता 'माध्यमं आणि मुस्लिम स्त्री'. मी त्यातला एकच कोपरा घेतलाय: कॉमिक्स. तलाक, शिष्यवृत्ती, नोकऱ्या हे प्रश्न समोर असताना कॉमिक्स कशाला, असं काहींना वाटेल. पण बाईला गोष्टीत कुठं उभं करतात हे कॉमिक्समध्ये चित्रासकट दिसतं. अमेरिकेतले वाचक त्यावर गेली पंचवीसएक वर्षं भांडताहेत आणि त्या भांडणातून आपल्यालाही काही घेण्यासारखं आहे.

1994 साली 'ग्रीन लँटर्न' मालिकेच्या 54 व्या अंकात नायक काइल रेनर घरी येतो. त्याची मैत्रीण अलेक्झांड्रा डीविट हिला खलनायकानं मारून फ्रिजमध्ये कोंबलेलं असतं. पुढची गोष्ट काइलच्या दुःखाची, रागाची आणि बदल्याची. 1999 मध्ये गेल सिमोन या वाचक बाईनं अशा पात्रांची भलीमोठी यादी केली. मारल्या गेलेल्या, बलात्कार झालेल्या, शक्ती हिरावून घेतलेल्या नायिका. यादीला नाव दिलं 'विमेन इन रेफ्रिजरेटर्स'. सिमोन तेव्हा केस कापायचं काम करत होत्या. त्यांनी ही यादी थेट लेखक-चित्रकारांपुढे ठेवली आणि विचारलं, असं का होतं?

लगेच उत्तर आलं की पुरुष नायकही मरतात. खरं आहे. सुपरमॅन 1992 मध्ये मेला. पण 1993 मध्ये तो परतही आला, आणि त्याचं मरण ही त्याचीच गोष्ट होती. अलेक्झांड्राचं मरण काइलच्या गोष्टीतला एक प्रसंग होता. किती बायका मेल्या एवढं मोजून भागत नाही. त्या कुणाच्या गोष्टीसाठी मेल्या, हे विचारावं लागतं.

आता बार्बरा गॉर्डन, म्हणजे बॅटगर्ल, हिचं उदाहरण घ्या. 1988 च्या 'द किलिंग जोक'मध्ये जोकर तिला गोळी घालतो, कशासाठी तर तिच्या बापाला वेडं करण्यासाठी. तिचे पाय लुळे पडतात. ही वागणूक किम येल या लेखिकेला पटली नाही. तिनं पती जॉन ऑस्ट्रँडर यांच्यासोबत 1989 पासून बार्बराला नवं रूप दिलं: ऑरॅकल. व्हीलचेअरवर बसून कॉम्प्युटरच्या जोरावर भल्याभल्या सुपरहिरोंना माहिती पुरवणारी बाई. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे ती मला जवळची वाटणारच. आणि 2003 मध्ये ऑरॅकलच्या 'बर्ड्स ऑफ प्रे' मालिकेचं लेखन आलं कुणाकडे? गेल सिमोन यांच्याकडे. पात्र तेच होतं. पेन दुसऱ्या हातात गेल्यावर ती कुणाच्या तरी दुःखाचं कारण राहिली नाही, स्वतःचे निर्णय घेणारी झाली.

आता कपड्यांचा मुद्दा. नायिकांचे तोकडे पोशाख हा या वादातला मोठा भाग आहे. म्हणून आपल्याकडचे काही जण म्हणतात, बघा, आम्ही सांगतच होतो, बाई झाकली की प्रश्न मिटला. मग 2002 मध्ये 'एक्स-मेन'मध्ये आलेली डस्ट पाहा. सूराया कादिर, अफगाण मुलगी, नकाबात पूर्ण झाकलेली. वोल्व्हरिन तिला वाचवून आणतो. तिच्या तोंडी शब्द दिला 'तुराब', अरबीत धूळ. अफगाणिस्तानात लोक दरी आणि पश्तो बोलतात, एवढंही कुणी पाहिलं नाही. काही चित्रांत तर तिचा अबायासुद्धा अंगाला चिकटलेला दिसतो. म्हणजे बाई झाकली, तरी बघणारी नजर तीच राहिली.

बारा वर्षांनी, 2014 मध्ये, 'मिस मार्व्हल' म्हणून कमला खान आली. जर्सी सिटीत राहणारी पाकिस्तानी घरातली सोळा वर्षांची मुलगी. संपादक सना अमानत स्वतः पाकिस्तानी वंशाच्या, लेखिका जी. विलो विल्सन इस्लाम स्वीकारलेल्या. शक्ती मिळाल्यावर कमला आधी सोनेरी केसांची, तोकड्या पोशाखातली गोरी नायिका बनते आणि तिला त्यात अवघडल्यासारखं होतं. मग ती स्वतःच्या बुर्किनीतून पोशाख शिवते. तिची मैत्रीण नाकिया हिजाब घालते, वडिलांना पटत नसतानाही. मशिदीत पडद्यामागून वक्ताच दिसत नाही, हे कमला शेख अब्दुल्लांना तोंडावर सांगते. आणि तो शेख खलनायक नाही. पुढे तोच तिला म्हणतो, लोकांना मदत करायचीच असेल तर धैर्यानं आणि सचोटीनं कर. इतकी बारीक माणसं बाहेरून बघून लिहिता येत नाहीत. मालिकेला 2015 चा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

ही सगळी पाश्चात्त्य खुळं आहेत, असं कुणी म्हणालं तर त्यांना उम्मे सलमा यांची रिवायत सांगा. कुरआनात पुरुषांचा उल्लेख होतो तसा आम्हा स्त्रियांचा का होत नाही, असं त्यांनी पैगंबरांना विचारलं. त्यावर सूरह अहजाबची 35 वी आयत उतरली, असं सांगितलं जातं. त्या आयतीत श्रद्धावान पुरुष आणि श्रद्धावान स्त्रिया, सत्यवचनी पुरुष आणि सत्यवचनी स्त्रिया, असा जोडीजोडीनं उल्लेख येतो. 'आम्ही यात कुठं आहोत?' हा प्रश्न आपल्या परंपरेत पहिल्यापासून आहे.

आता हाच प्रश्न आपल्या घरात विचारू. इंदूरच्या शाहबानो. 1985 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, 1986 चा कायदा, मोर्चे, भाषणं, निवडणुका. मौलाना, मंत्री, संपादक सगळे बोलले. एका बाजूला समाज वाचवणारे वीर, दुसऱ्या बाजूला मुस्लिम स्त्रीला वाचवणारे वीर. तिची मागणी होती महिन्याच्या पोटगीची, आणि उच्च न्यायालयानं ठरवलेली रक्कम होती 179 रुपये 20 पैसे. हा आकडा इथं किती जणांना माहीत होता? त्या गदारोळात शाहबानो फ्रिजमध्ये होत्या आणि गोष्ट पुरुषांची चालली होती.

आपली चळवळही यातून सुटत नाही. 18 एप्रिल 1966 ला मुंबईत विधान भवनावर सात मुस्लिम स्त्रिया मोर्चानं गेल्या. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. हमीदभाई दलवाईंनी तो काढला हे आपण अभिमानानं सांगतो, आणि सांगावंच. पण त्या सातजणींपैकी एकीचं नाव कुणी सांगेल का? त्या दिवशी चालल्या त्या, घरी परतल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना तोंड दिलं त्यांनी.

शेवटचा मुद्दा भावांसाठी. 2016 मध्ये फ्रान्समधल्या आंगुलेम कॉमिक्स महोत्सवाच्या सर्वोच्च सन्मानासाठी 30 नावं जाहीर झाली. तीसच्या तीस पुरुष. कॉमिक्सच्या इतिहासात बायकाच कमी, असं आयोजक म्हणाले. लेखिकांनी बहिष्काराची हाक दिली. मग यादीतल्या रियाद सत्तूफ यांनी आपलं नाव काढून घेतलं आणि आणखी कित्येकांनी तेच केलं. शेवटी आयोजकांना ती यादीच रद्द करावी लागली. त्या पुरुषांनी स्त्रियांवर भाषण केलं नाही, स्वतःची खुर्ची सोडली.

आपल्याकडे मुस्लिम स्त्रियांच्या प्रश्नावर परिसंवाद होतात आणि पोस्टरवर पाच पुरुषांचे फोटो असतात. पुढच्या वेळी तुम्हाला बोलावलं, तर आधी विचारा की आणखी कोण बोलणार आहे. यादीत बाई नसेल तर नाव काढून घ्या आणि कुणाला बोलवायचं ते सुचवा. बहिणींनो, तुम्हाला बोलावणं आलं तर 'मला काय येतंय' म्हणून नाही म्हणू नका. कमलाही पहिल्या दिवशी अडखळलीच होती.

आणि त्या सातजणींची नावं शोधायचं काम आपण आजच वाटून घेऊ. जेवणाच्या सुट्टीत मला भेटा.