माशांच्या चित्रांमागचे हात



आम्ही बँकेतले कारकून. चित्रकलेशी आमचा संबंध केवळ पाहण्यापुरता. तरीही आज जपानी माशांच्या चित्रांविषयी चार शब्द सांगणार आहोत. विषय ऐकून काहींना हसू येईल. परंतु त्या चित्रांत आपण सर्वांनी विचार करावा अशी एक गोष्ट दडलेली आहे.

एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, उतागावा हिरोशिगे (१७९७-१८५८) हा थोर चित्रकार होऊन गेला. घराण्याची नोकरी अग्निशमनाची. ती सांभाळून तो चित्रकला शिकला. १८३० नंतरच्या दशकात कवींच्या एका मंडळाने त्याच्याकडून माशांची चित्रमाला करवून घेतली. प्रवाहात पोहणारे 'आयु' मासे, शेवंड आणि कोळंबी, विषारी फुगू माशाजवळ प्लमची फांदी, आणि वर त्या कवींच्या कविता! खवल्यांची चकाकी पाहून मासा नुकताच जाळ्यातून काढला असे वाटते.

पण मित्रहो, हिरोशिगेने काढले ते कागदावरचे रेखाचित्र. ते कागद चेरीच्या लाकडी ठोकळ्यावर उलटे चिकटवून कोरणारा कारागीर रेषेरेषेभोवतीचे लाकूड काढी. त्यात मूळ रेखाचित्र नष्ट होई. एक खवला चुकून उडाला, तर तो परत कोठून आणणार? पुढे प्रत्येक रंगासाठी वेगळा भाग कोरावयाचा. मग छापणारा ठोकळ्यावर रंग लावी, त्यावर ओलसर कागद ठेवी आणि बांबूच्या पातीत गुंडाळलेल्या 'बारेन' नावाच्या चकतीने पाठीमागून घासे. यंत्र नाही, सारा हाताचा दाब. कागद सरकू नये म्हणून ठोकळ्याच्या कडेला दोन खुणा कोरलेल्या असत. प्रत्येक रंगाला कागद त्याच खुणांना टेकवावयाचा. माशाच्या पाठीवरचा गडद रंग पोटाकडे हळूहळू फिका होतो, ती किमया ठोकळ्यावरचा रंग पुसून विरळ करणाऱ्या या हाताचीच.

त्या काळच्या अशा छापांवर चित्रकाराचे नाव असते, बहुधा प्रकाशकाची खूणही असते. कोरणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे नाव मात्र बहुतेक छापांवर नसते. हिरोशिगेचा मोठेपणा आम्ही कमी करीत नाही. पण ज्या हातांवाचून तो मासा कागदावर आलाच नसता, ते हात आज आपणांस अनोळखी आहेत.

आपले आईवडीलही कोठे ना कोठे राबले. त्यांची नावे कोणत्या कागदावर आहेत? म्हणून विद्यार्थ्यांनी कोणतीही सुंदर वस्तू पाहताना, ती कोणाकोणाच्या हातांतून आली, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

शेवटी मंडळास एक नम्र सूचना. आपल्या स्मरणिकेत पदाधिकाऱ्यांची नावे असतात, जाहिरातदारांचीही असतात. यंदा शेवटच्या पानावर अक्षरजुळणी करणारे, छापणारे आणि बांधणी करणारे यांचीही नावे छापावीत. चार ओळींची जागा लागेल. कमी पडली तर आमच्या व्याख्यानातील चार ओळी काढाव्यात.