माल पोचतो, नाव पोचत नाही

(ऑस्ट्रेलियातील मराठी मंडळात दिलेले व्याख्यान, अंकासाठी थोडे संक्षिप्त करून)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : छोट्या उद्योगांनी सोशल मीडियावर काय टाकावं आणि ते ठरवून कसं टाकावं. मी चंद्रपूरची. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या महिला बचतगटांबरोबर काम करते. त्यामुळे बोलायला सुरुवात मोबाइलपासून नाही, तांदळापासून करते.

एचएमटी तांदूळ तुमच्यापैकी बहुतेकांनी खाल्ला असेल. तो निवडून काढला चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी. जमीन थोडी, शिक्षण बेताचं. १९८३ मध्ये पटेल-३ या वाणाच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं पेरून पाहिल्या आणि बारीक दाण्याचा नवा वाण हाती आला. १९९० च्या सुमारास तो बाजारात गेला तेव्हा त्याला नाव नव्हतं. व्यापाऱ्याने त्या वेळी सगळ्यांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचं नाव त्याला देऊन टाकलं. तांदूळ पाच-सहा राज्यांत पसरला. पुढे कृषी विद्यापीठाने शुद्ध करून प्रसारित केलेल्या वाणाचं नाव पडलं पीकेव्ही-एचएमटी. दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये फोर्ब्सच्या यादीतही ते आले. २०१८ मध्ये ते गेले. त्यांचा तांदूळ जितक्या घरांत पोचला, त्याच्या पासंगाइतक्या घरांतही त्यांचं नाव पोचलं नाही.

आमच्या दोन्ही जिल्ह्यांचं हेच आहे. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात आमच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं गेला, पण तो कोणत्या गावचा हे कोण विचारणार? आरमोरी भागात ढिवर समाजाची माणसं ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा रेशमाच्या अळ्या वाढवतात, पाखरांपासून त्यांची राखण करतात. साडी मात्र विकली जाते ती दुकानाच्या नावाने. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूर आगारातून आलापल्लीच्या जंगलातलं सागवान गेलं, तेव्हा त्याची मिरवणूक निघाली आणि त्या जंगलाचं नाव सगळीकडे झालं. पण असा मान एखाद्याच मालाला मिळतो. बाकीचा माल निनावी जातो.

म्हणून आजचा माझा मुद्दा एवढाच आहे : छोट्या उद्योगाने पोस्ट टाकायची ती मालाबरोबर आपलं नाव पाठवण्यासाठी. ज्या पोस्टने हे काम होत नाही ती कितीही सुंदर असली तरी टाकू नये.

या बाबतीत आमच्याकडे एक मोठं उदाहरण आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा गाव. २००९ मध्ये त्यांना वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू तोडला तरी तो गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. त्या दिवसापासून गाडीबरोबरच्या कागदावर विकणारा म्हणून ग्रामसभेचं नाव जाऊ लागलं. तो एक कागद म्हणजे माल आणि नाव यांची पहिली गाठ होती. आमच्या बायकांना मी सांगते, तुमची पोस्ट हा तुमचा परवाना आहे. कोणी केलं, कुठे केलं, कशाचं केलं, एवढं त्यात नसेल तर माल पुन्हा निनावीच निघाला.

आता ही नावं पाठवायची कशी ते सांगते.

पहिली गोष्ट, दया विकायची नाही. 'गरीब आदिवासी महिलांना मदत करा' असं लिहिलं की पोस्ट भराभर फिरते, हे खरं. पण दयेपोटी माणूस एकदा घेतो. दुसऱ्यांदा घेतो तो वस्तू चांगली असेल तरच. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभारलं ते भिक्षेवर नाही, कुष्ठरुग्णांच्या श्रमांवर. त्याच जिल्ह्यात राहून आम्ही हात पसरणारी भाषा वापरावी, हे मला पटत नाही.

दयेच्या जागी माहिती ठेवा. मोहाचे लाडू घ्या. मोहफुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. ती दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळायची पद्धत आहे, त्यातून जंगलात वणवे लागतात, आणि फुलांनाही माती-राख लागते. झाडाखाली जाळी बांधून फुलं झेलली तर ती स्वच्छ राहतात, जंगलही वाचतं, पण मेहनत आणि खर्च वाढतो. जाळीत पडलेली फुलं आणि मातीतून वेचलेली फुलं शेजारी ठेवून वीस सेकंदांचा व्हिडिओ केला, तर लाडू महाग का, हे वेगळं सांगावं लागत नाही. कोशाच्या कापडाचंही तसंच. धागा जाळून दाखवा : खऱ्या रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते, नकली धागा वितळून गोळा होतो. असा व्हिडिओ ग्राहक जपून ठेवतो, कारण तो त्याच्या उपयोगाचा असतो.

दुसरी गोष्ट, वेळ. हे आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकवाल्यांकडून शिकावं. वडसा, म्हणजे देसाईगंज, इथे नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. दिवाळीनंतर धान घरात आलं, लोकांच्या हातात पैसा आला की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्र-रात्र नाटकं चालतात. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. रोवणीच्या दिवसांत तिथे कोणी नाटक लावत नाही, कारण प्रेक्षक चिखलात उभा असतो. आपला ग्राहक कधी मोकळा आहे, त्याच्या हातात कधी पैसा आहे, आणि आपण स्वतः कधी मोकळे आहोत, हे तिन्ही जुळवणं म्हणजेच नियोजन.

आमच्या बायका जुलैत रोवणीला जातात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा जगाशी संपर्क तुटतो. तेव्हा पावसाळ्यात टाकायच्या पोस्टचं चित्रीकरण मे महिन्यातच झालेलं बरं. मोहाचं मार्चमध्ये, तेंदूच्या दिवसांचं मे महिन्यात, बांबूच्या राखीचं राखीच्या दोन-तीन महिने आधी. रोज एक पोस्ट हवीच, हा शहरातल्या एजन्सीचा हिशेब. आठवड्याला एक, पण वर्षभर न चुकता, हे गटाला झेपतं. सामग्रीही फार लागत नाही : सकाळचं ऊन, दाराजवळची जागा, मागे साधी चादर, आणि कामट्या सोलतानाचा खरा आवाज. त्यावर सिनेमाचं गाणं चढवू नका.

बांबूचं नाव निघालं म्हणून सांगते. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे शिकलेल्या मीनाक्षी वाळके यांनी 'अभिसार इनोव्हेटिव्ह' नावाने काम सुरू केलं आणि त्यांच्या बांबूच्या राख्या परदेशातही गेल्या. लोक त्यांना वस्तूबरोबर नावानेही ओळखतात. दादाजींच्या वाट्याला जे आलं नाही ते याच जिल्ह्यात शक्य आहे, याचा हा पुरावा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते : काय दाखवायचं नाही ते आधी ठरवणं.

वाघ दाखवायचा का? ताडोबामुळे आमच्याकडे साबणापासून चिवड्यापर्यंत सगळ्यांना बोधचिन्हावर वाघ हवा असतो. पण मोह आणि तेंदू वेचायला गेलेली माणसं आमच्या भागात वाघाच्या हल्ल्यात मरतात. मोहाच्या लाडवाच्या डब्यावर डरकाळी फोडणारा वाघ छापण्याआधी तो मोह वेचणाऱ्या बाईला एकदा विचारा. वाघ किंवा मधाचं पोळं नेमकं कुठे आहे, हे तर पोस्टमधून कळताच कामा नये. ठिकाणाची खूण आधी बंद करा.

माणसं दाखवायची का? विचारून. गडचिरोलीत मराठीबरोबर माडिया, गोंडी, सिरोंचाकडे तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी बोलली जाते. परवानगी समोरच्या माणसाच्या भाषेत मागावी, आणि फोटो कुठे कुठे जाणार तेही सांगावं. गोंदण काढलेल्या म्हातारीचा चेहरा छान दिसतो म्हणून तो तिने कधी न पाहिलेल्या वस्तूच्या जाहिरातीत वापरणं, ही तिची फसवणूक आहे. देवाची जागा आणि देवाचं काम यांना तर कॅमेराच लावू नये.

आणि दावे. 'मोहाने साखर बरी होते' असं लिहिलं की शेअर वाढतात. पण मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपायविषयक कायद्याने मना आहे. पैसे किंवा फुकट माल घेऊन एखादी इन्फ्लुएन्सर स्तुती करत असेल, तर ती जाहिरात आहे असं स्पष्ट लिहावं, असे भारतातल्या जाहिरात मानक परिषदेचे २०२१ चे मार्गदर्शक नियम सांगतात.

न करण्याची गोष्टही किती बोलकी असते पाहा. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू विकून गाव चालू लागलं. तेंदूपानात पैसा होता, पण पानांसाठी झाडं छाटतात, आगी लावतात, आणि टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, माणसांना, पाखरांना मिळत नाहीत. म्हणून गावाने तेंदूपानं तोडणंच थांबवलं. 'आम्ही हे करत नाही, आणि का करत नाही' हे सांगणाऱ्या गावाचा बांबू विश्वासाने घ्यावासा वाटतो. प्रत्येक गटाला मी म्हणते, तुम्ही काय करत नाही याची एक पोस्ट वर्षातून एकदा तरी टाका.

यशाचं मोजमापही बदलायला हवं. अंगठे मोजू नका. किती जणांनी भाव विचारला, कितींनी घेतलं आणि त्यातले किती पुन्हा आले, हे वहीत लिहा. शंभर जणांना आवडलेल्या व्हिडिओपेक्षा तीन जणींनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला पत्ता मोलाचा.

आता तुमच्याबद्दल. आमच्याकडे कोणाला तरी वाटलं की परदेशात बियांच्या राख्या चालतील, राखी सोडली की मातीत पेरायची. कल्पना गोड आहे. पण तुमच्या या देशात टपालातून आलेल्या बिया जैवसुरक्षा तपासणीत अडतात, दुधाची मिठाईही अडते, आणि बांबूची वस्तू कीड नाही ना म्हणून तपासली जाते. हे तुम्हाला रोजच्या अनुभवातून ठाऊक आहे, आमच्या बायकांना नाही. इथे कोणत्या वस्तू येऊ शकतात, टपालाला किती दिवस लागतात, एवढी माहिती साध्या मराठीत एका पानावर लिहून दिलीत, तर ती कोणत्याही देणगीपेक्षा जास्त कामाची आहे.

आणखी दोन गोष्टी करा. वस्तू आवडली तर फोटो टाकताना गटाचं आणि गावाचं नाव लिहा, 'इंडियन हँडीक्राफ्ट' एवढ्यावर सोडू नका. आणि आवडली नाही तर तेही कळवा : गाठ सैल होती, वास येत होता, डबा फुटला. गटाला सुधारायला तेच लागतं.

मंडळाने मला मानधन देऊ केलं आहे. ते घेणार आहे, कारण मी दिलं ते कामच आहे. पण त्यासोबत एक मागणी करते. तुमच्या पुढच्या दिवाळी अंकात एक पान आमच्या दोन जिल्ह्यांतल्या वस्तूंसाठी ठेवा, आणि त्यात प्रत्येक वस्तूखाली ती करणाऱ्या गटाचं आणि गावाचं नाव छापा. माल आमच्याकडून वेळेवर येईल, याची जबाबदारी माझी. नाव पोचवण्याची जबाबदारी तुमची.