परदेशी एकटीने हिंडताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



साऱ्या जगाविषयी बोलण्याइतका माझा अनुभव नाही. लेक तोकियोत नोकरीला असल्यामुळे जपानात काही आठवडे राहिले आणि बरेचसे एकटीनेच हिंडले. तेवढ्याचेच चार शब्द सांगते.

जपान सुरक्षित आहे, असे सगळे म्हणतात, आणि ते खोटे नाही. लहान लहान मुले तिथे आगगाडीने एकटी शाळेत जातात. पण गर्दी ती गर्दीच! गाडीत अंगचटीला येणारे पुरुष तिथेही आहेत. त्यांना 'चिकान' म्हणतात. म्हणून तर २००० सालानंतर तोकियोच्या अनेक मार्गांवर बायकांचा वेगळा डबा आला. आपल्या मुंबईसारखा तो दिवसभर नसतो, बहुधा सकाळच्या गर्दीपुरताच असतो. फलाटावरची गुलाबी खूण पाहून उभे राहावे. कुणी त्रास दिलाच, तर 'चिकान देस!' असे मोठ्याने म्हणावे. आवाज फुटला नाही, तर पुढच्या स्टेशनावर उतरून तिथल्या कर्मचाऱ्याला सांगावे.

स्टेशनाजवळ बहुधा 'कोबान' नावाची छोटी पोलीसचौकी असते. पत्ता विचारायलाही लोक तिथे जातात, तेव्हा संकोच नको. पोलिसांचा नंबर ११०, रुग्णवाहिका व आगीचा बंब यांचा ११९. पाहुण्या म्हणून गेलेल्यांनी पासपोर्ट सदैव जवळ ठेवावा. तसा तिथला कायदाच आहे. सर्दीच्या काही साध्या गोळ्यांनाही तिथे बंदी आहे, म्हणून औषधांची चौकशी इथूनच करून निघावे. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास सुटते. ती चुकली की पहाटेपर्यंत गाडी नाही आणि टॅक्सी फार महाग. शिंजुकूच्या काबुकिचो भागात रस्त्यावर उभे राहून 'आत या' म्हणणाऱ्यांच्या मागे जाऊ नये, आणि आपला पेला नजरेआड करू नये.

आता थोडे आपल्या वडीलधाऱ्या बायकांसाठी. लेकीच्या ओळखीच्या एका मुलीला गाडीत असाच त्रास झाला. तिने घरी अवाक्षर काढले नाही. का? तर आई म्हणेल, "पुरे झाली नोकरी, ये परत." या भीतीने मुलगी दुखणे गिळते, पोलिसांत जात नाही, आणि त्रास देणारा मोकळा सुटतो. भगिनींनो, मुलीचा फोन आला तर आधी तिचे सगळे ऐकून घ्या. "तिथे का गेलीस?" हा प्रश्न पहिला नको. "आता कुठे आहेस, जवळ कोण आहे?" हे विचारा.

१८८३ साली आनंदीबाई जोशी पतीला सोबत न घेता अमेरिकेला गेल्या. त्यानंतर इतकी वर्षे लोटली. मुलींना अडवून धरण्याचे दिवस गेले. त्यांना माहिती द्यावी, आणि घरी खरे बोलण्याची मोकळीक द्यावी, एवढेच माझे मागणे आहे.