तिसरी सही

(शेतकरी उत्पादक कंपन्या आणि प्रक्रिया उद्योग यांच्या सास्तूर येथील परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



या खुर्चीसाठी माझं नाव निघालं तेव्हा तुमच्यातल्या काहींनी नाक मुरडलं असेल, तर मला त्याचं वाईट वाटणार नाही. माझी नोकरीची सगळी वर्षं खरेदी खात्यात गेली. आर्द्रता बघायची, काडीकचरा बघायचा, कडता लावायचा आणि भाव जमेल तितका खाली ठेवायचा, याचाच मला पगार मिळायचा. तेव्हा आजचं भाषण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेल्या बाईचं आहे, एवढं लक्षात ठेवून ऐका.

परिषदेचा विषय आहे कंपन्या आणि संवर्धन संस्था यांनी मिळून उभा करायचा शाश्वत कच्चा माल. कंपनीला वर्षानुवर्षं माल मिळायला हवा आणि संस्थेला जंगल, माती, पाणी, पाखरं टिकायला हवीत. दोघांचं हित एका जागी येतं, करारावर दोन सह्या होतात, फोटो निघतो. माल पिकवणारा किंवा वेचणारा त्या फोटोत असतो, बहुतेक वेळा फेटा बांधून मधोमध उभा. करारावर मात्र त्याची सही नसते. माझं म्हणणं या तिसऱ्या सहीबद्दल आहे, आणि ती जिथे नाही तिथे पुढे काय होतं याबद्दल.

सास्तूरमध्ये हे बोलताना भूकंप आठवल्याशिवाय राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच संपलेली. या पट्ट्यात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली आणि बावन्न गावांना नव्या जागी बसवावं लागलं. नंतर अभियंत्यांनी पडलेल्या घरांचा अभ्यास केला. माळवदाचा बोजा होताच. पण भिंतीची बाहेरची आणि आतली दगडी बाजू एकमेकींना धरून ठेवणारे आरपार लांब दगडच बहुतेक ठिकाणी नव्हते. हादरा बसताच दोन्ही बाजू फुटून वेगळ्या झाल्या. कंपनी आणि संस्था यांच्या करारात उत्पादक हा तो आरपार दगड आहे. तो नसला तरी भिंत वरून चांगली गुळगुळीत दिसते.

योगायोग असा की त्याच सुमारास, १९९३ च्या ऑक्टोबरात, कॅनडातल्या टोरोंटो शहरात फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिलची स्थापना झाली. रिओच्या १९९२ च्या परिषदेत सरकारांना जंगलांबद्दल बंधनकारक करार जमला नव्हता, म्हणून लाकडाचे व्यापारी, पर्यावरणवाले आणि जंगलात राहणाऱ्यांच्या संघटना आपणहून एकत्र बसल्या. या संस्थेवर टीका पुष्कळ झाली आहे आणि त्यातली बरीच रास्त आहे. तिच्या घटनेतली एक गोष्ट मात्र मला फार शहाणपणाची वाटते. सभासदांचे तीन गट आहेत, आर्थिक, पर्यावरणीय आणि सामाजिक. आणि तिघांच्या मतांचं वजन सारखं आहे. कंपनी आणि संस्था यांनी संगनमत केलं तरी तिसऱ्याला बाजूला सारून कारभार रेटणं सोपं जात नाही.

आता आपल्या पिकाकडे, सोयाबीनकडे येते. शाश्वत सोयाबीनचा जगातला सर्वात गाजलेला करार ब्राझीलचा. एप्रिल २००६ मध्ये ग्रीनपीसने एक अहवाल काढला आणि ॲमेझॉनचं जंगल तोडून पिकवलेलं सोयाबीन युरोपातल्या कोंबड्यांच्या खाद्यातून मॅकडोनाल्ड्सच्या दुकानापर्यंत कसं पोचतं, याचा माग दाखवला. मॅकडोनाल्ड्सने भांडण्याऐवजी ग्रीनपीसचाच हात धरला. जुलैमध्ये ब्राझीलच्या मोठ्या व्यापारी संघटनांनी जाहीर केलं की यापुढे ॲमेझॉनमध्ये नव्याने तोडलेल्या जंगलाच्या जमिनीवरचा माल आम्ही घेणार नाही. त्याआधीच्या दोन वर्षांत तिथल्या सोयाबीनच्या वाढीव क्षेत्रापैकी सुमारे तीस टक्के क्षेत्र जंगल तोडून आलं होतं. २०१४ पर्यंत हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. इतकं स्वच्छ यश या क्षेत्रात क्वचित दिसतं.

मग त्याचं पुढे काय झालं? सह्या व्यापाऱ्यांच्या आणि संस्थांच्या होत्या. पिकवणाऱ्यांच्या संघटना कराराबाहेर होत्या, आणि कायद्याने जी जमीन मोकळी करता येते तीही न तोडणाऱ्याला चार पैसे जास्त देण्याची सोय त्यात नव्हती. त्यांचा राग साचत गेला. मातो ग्रोसो राज्याने असे करार पाळणाऱ्या कंपन्यांच्या करसवलती काढून घेणारा कायदा केला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ब्राझीलच्या स्पर्धा नियामकाने हा करार थांबवण्याचा आदेश काढला. प्रकरण न्यायालयात गेलं. तिथला सोयाबीनवाला बऱ्याचदा हजारो हेक्टरांचा धनी असतो. त्याचे डोळे पुसायला मी इथे उभी नाही. पण ज्याच्या जमिनीवर अटी घातल्या त्यालाच करारात घेतलं नाही, आणि जवळजवळ वीस वर्षांनी घाव त्याच बाजूने आला, हे आपण विसरू नये.

कापसाची गोष्ट आपल्या जवळची आहे. २००५ च्या सुमारास डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पुढाकाराने आयकिया, एच अँड एम, आदिदास यांसारख्या कंपन्या एकत्र आल्या आणि त्यातून ‘बेटर कॉटन’ उभं राहिलं. भारतात त्याचा पहिला हंगाम २०१०-११ चा, आणि महाराष्ट्र त्यातलं महत्त्वाचं राज्य. कामगंध सापळे, निंबोळी अर्क, फवारणीच्या वेळी हातमोजे आणि तोंडाला फडकं, पाणी मोजून देणं, हे सगळं चांगलंच आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. ज्याला वाटतं की संवर्धन म्हणजे फक्त पाखरांची काळजी, त्याने तो हंगाम आठवावा. औषधावरचा खर्च वाचला तर तो शेतकऱ्याच्या खिशात राहतो, हेही खरं.

पण मी खरेदीतली बाई, मी हिशेबाची वही बघते. या पद्धतीत गाठींचा हिशेब वजनावर चालत आला. जितका ‘बेटर’ कापूस कुठेतरी घेतला तितक्या मालावर दावा करता येतो; दुकानातल्या सदऱ्यात तोच कापूस असेल असं नाही. आणि जिनिंगच्या दारात त्या कापसाला जादा भाव द्यायचा, अशी अट मानकात नाही. म्हणजे नोंदवही शेतकऱ्याने लिहायची, प्रशिक्षणाला दिवस त्याने मोडायचा आणि नाव ब्रँडचं व्हायचं. एखादा म्हणेल, खर्च वाचतो ना, मग तक्रार कशाची? तक्रार याची की पाऊस दगा देतो त्या वर्षी वाचलेला खर्चही कामी येत नाही, आणि वही भरणारा पहिला तिथूनच गळतो.

याच्या उलट एक लहानसं उदाहरण कोकणात आहे. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही अर्चना गोडबोले आणि जयंत सरनाईक यांची संस्था संगमेश्वर भागात देवराया आणि खासगी जंगलं राखण्याचं काम करत होती. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खासगी मालकीचं आहे. मालकाला पैसा लागला की झाडं सरपणाच्या ठेकेदाराला जातात. बेहड्याची जुनी, पोकळ झालेली झाडं त्यात आधी जायची. नेमक्या त्याच ढोलींत मोठा धनेश आणि मलबारी कवड्या धनेश घरटं करतात. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि काही महिने नराच्या चोचीवर जगते. ते झाड तुटलं तर त्या जोडीचा सगळा हंगामच गेला.

संस्थेने बेहड्याच्या फळाला गिऱ्हाईक शोधलं. ब्रिस्टलची पक्का ही औषधी वनस्पतींचे चहा विकणारी कंपनी त्रिफळ्यासाठी बेहडा आणि हिरडा घेऊ लागली, तेही ‘फेअरवाइल्ड’ या मानकाप्रमाणे. फांद्या तोडायच्या नाहीत, काही फळं झाडाखाली ठेवायची, घरट्याच्या झाडाला हात लावायचा नाही, अशी शिस्त आली. हिरड्यासाठी भीमाशंकरच्या बाजूला महादेव कोळी वेचणाऱ्यांबरोबर असंच काम उभं राहिलं. यातलं मला पटलेलं ते असं की अट आणि भाव एकाच कागदावर होते. वेचणाऱ्यांसाठी विक्रीमूल्यावर वेगळा निधी काढायचा, हे त्या मानकातच आहे. सरपणाला देण्यापेक्षा उभं झाड फायद्याचं ठरलं, तर मालकाला व्याख्यान द्यावं लागत नाही.

तरी हेही डोळे झाकून कवटाळू नका. असा माल थोडा असतो आणि गिऱ्हाईक बहुधा एकच. पक्का २०१७ मध्ये युनिलिव्हरने विकत घेतली, त्यानंतर मालकी पुन्हा बदलली. ब्रिस्टलमध्ये खुर्ची बदलली की संगमेश्वरात धाकधूक, ही अवस्था काही बरी नाही.

आता आपलं बघू. इथे घनदाट जंगल नाही, म्हणून संवर्धनाशी आपला संबंध नाही असं समजू नका. आपल्याकडे माळ आहे, त्यावर लांडगा आहे, काळवीट आहे. धुऱ्यावरची बाभूळ आणि बोर आहे. माकणीच्या धरणात दर पावसाबरोबर जाऊन बसणारी काळी माती आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदा केला की ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचं सोयाबीन, कॉफी, रबर, लाकूड तिथे विकता येणार नाही आणि प्रत्येक मालाच्या शेताचं ठिकाण नकाशावर दाखवावं लागेल. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली, तरी रोख स्पष्ट आहे. आपल्या सोयाबीनच्या पेंडीला युरोपात मागणी आहे ती जनुकीय बदल न केलेल्या वाणांमुळे. जंगल तोडून आपण ते पिकवत नाही. म्हणजे माल पात्र आहे, फक्त कागद नाही. तो कागद करण्याची जबाबदारी कायद्याने आयातदाराची आहे. पण मी या धंद्यात राहिले आहे, ती जबाबदारी घरंगळत कुठे येणार हे मला माहीत आहे. ती गिरणीवर येईल, गिरणी आडत्याला सांगेल आणि शेवटी उत्पादक कंपनीचा एखादा पोरगा मोबाइल घेऊन गट नंबर फिरत बसेल, फुकट.

भावाचं म्हणाल तर २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात बहुतेक दिवस सौदे त्याच्या खाली झाले. सरकारी खरेदीत बारा टक्के आर्द्रतेची अट नोव्हेंबर २०२४ मध्ये पंधरावर आणावी लागली. ज्याला साधा हमीभाव मिळत नाही त्याला संस्थेने येऊन सांगायचं की धुऱ्यावर झाडं राखा, रुंद सरी-वरंब्यावर पेरा, तणनाशक कमी करा. तो ऐकून घेईल, चहा पाजील आणि आपलं आहे तसंच चालवील. यात अडाणीपणा काही नाही, त्याने हिशेब केलेला असतो.

आपल्या बाजूचं खोटंही बोलून टाकते. २०२० मध्ये सेंद्रिय कापसाच्या जागतिक प्रमाणसंस्थेला भारतातून गेलेली वीस हजार टन कापसाची बनावट प्रमाणपत्रं सापडली. शेजारच्या गावचा माल आपल्या नावावर घालण्याचा मोह उत्पादक कंपन्यांनाही होणार आहे. एकदा ते उघड झालं की दहा वर्षं कुणी दारात उभं करणार नाही, आणि तेव्हा कंपनीला दोष देता येणार नाही.

संवर्धन संस्थांना माझी विनंती आहे की करारात तुम्ही घरट्याच्या झाडाचं कलम जितक्या हट्टाने घालता तितक्याच हट्टाने भावाचं घाला. तुमचं नाव वापरून कंपनी बाजारात उभी राहते, तेव्हा तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे. शेतकऱ्याने मागितलं तर ती घासाघीस ठरते. तुम्ही मागितलं तर ती अट ठरते.

दुपारी खुलं सत्र आहे. त्यात अध्यक्ष म्हणून पहिला प्रश्न विचारण्याचा मान मी घेणार आहे, आणि तो समोर बसलेल्या खरेदीदारांना आहे. तुमच्या अटींप्रमाणे पिकवलेला माल किती वर्षं घ्याल, हमीभावावर किती जास्त द्याल, तपासणीचा खर्च कोण भरेल आणि २०२५ च्या सप्टेंबरासारखी अतिवृष्टी झाली, शेतात पाणी उभं राहिलं, तर त्या वर्षी करार जिवंत राहील की नाही. उत्तरं तोंडी नकोत. कागद आणि पेन व्यासपीठावर ठेवायला मी संयोजकांना सांगितलं आहे.