स्कार्फ मुलींचा, ऊन सगळ्यांचं

मे महिन्याच्या मध्यावर एका दुपारी साडेबाराच्या सुमारास पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच गडप होते. शून्य सावलीचा दिवस तो हाच. त्या वेळी एखाद्या सिग्नलला उभे राहा. शेजारी थांबलेल्या स्कूटरवरची मुलगी ओळखू येणार नाही. स्कार्फ कपाळावरून कानांमागे, तिथून नाकावरून फिरवून मानेशी घट्ट खोचलेला, वर गॉगल, अंगात सनकोट, हातांत कोपरापर्यंत मोजे. मागच्या सीटवर तिचा भाऊ, अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट आणि उघडं डोकं. (पुण्यात हेल्मेटबद्दल बोलायची माझी हिंमत नाही.) घर एक, ऊन एक, मग हा फरक आला कुठून?

मुलीला अतिनील किरणांबद्दल कुणी फारसं सांगितलेलं नसतं. "उन्हात हुंदडू नकोस, काळी पडशील," एवढंच ती लहानपणापासून ऐकते. 1975 साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने 2020 मध्ये नावातला गोरेपणा गाळला. घरातलं वाक्य मात्र तसंच राहिलं. या धाकाने स्कार्फ बांधला गेला, हे खरं. पण जी मुळातच सावळी आहे, तिच्यापर्यंत निरोप काय पोचतो? तुझ्यात आता जपण्यासारखं काही उरलेलं नाही! मग "मी आधीच काळी, मला काय होणार," म्हणून ती मोकळी होते. सावळ्या कातडीला उन्हामुळे होणाऱ्या कर्करोगाचा धोका गोऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी, हे मान्य. पण वांग सावळ्या चेहऱ्यावरही येतात, मोतीबिंदू रंग विचारत नाही आणि ऊन लागायचं ते सगळ्यांनाच लागतं.

मुलांची तऱ्हा उलटी. क्रीम लावलेलं दिसलं की मित्र विचारणार, "काय रे, पोरीसारखा?" पण हेच नागपुरात पाहा. एप्रिल-मेमध्ये तिथली तरणी पोरंसुद्धा डोक्या-तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळून गाडीला किक मारतात. पुण्यातल्या मुलांपेक्षा ती शहाणी आहेत असं मी म्हणणार नाही, दोन्हीकडून मार बसेल. तिथे सगळेच बांधतात, म्हणून न बांधणारा खुळा ठरतो. खुरपणीला जाणाऱ्या बायका साडीवर पुरुषी, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात. त्यांना तरी कोण हसतं?

ऑस्ट्रेलियात त्वचेचा कर्करोग फार. 1981 साली तिथल्या व्हिक्टोरिया राज्यात 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' ही मोहीम निघाली. अंगात शर्ट, कातडीला क्रीम, डोक्यावर टोपी, हे टीव्हीवर एक समुद्रपक्षी नाचत-गात सांगायचा. पुढे अनेक प्राथमिक शाळांनी नियमच केला, टोपी नाही तर खेळ नाही. लहानग्यांनी ऐकलं. तीच मुलं माध्यमिक शाळेत गेली आणि टोप्या दप्तरात गेल्या. गाणं पाठ होतं, माहिती पुरेपूर होती, फक्त वय चौदा झालं होतं. शिवाय तिथे रापलेली कातडी देखणी समजतात. म्हणजे आपल्याकडे गोरं राहायचं म्हणून पोरी उन्हापासून लपतात आणि तिकडच्या तांबूस व्हायचं म्हणून उन्हात लोळतात. आरशाचा हुकूम दोन्हीकडे चालतो. डॉक्टरांचा नंबर फार मागे.

म्हणून आजाराची चित्रं दाखवून या वयाला फारसं हलवता येईल, असं मला वाटत नाही. चाळिशीतल्या सुरकुत्यांची भीती पंधराव्या वर्षी कोण बाळगतं? त्यापेक्षा खेळाची वेळ बदलणं सोपं, आणि ते मोठ्यांच्या हातात आहे. माझं मागणं त्यामुळे सुट्टीत क्रिकेटची शिबिरं भरवणाऱ्यांकडे आहे. सराव दहाच्या आत आटोपा. मैदानाच्या कडेला मांडव घाला. प्रशिक्षकांनी रुंद काठाची टोपी आधी स्वतः घालावी. दक्षिण आफ्रिकेचा वेगवान गोलंदाज ॲलन डोनाल्ड तोंडाला पांढरं झिंक फासून गोलंदाजी करायचा, तेव्हा त्याला 'पोरीसारखा' म्हणायची कुठल्या फलंदाजाची छाती होती? आणि ती टोपी शिबिराच्या गणवेशातच धरा. फी तर तुम्ही घेताच आहात.