संगणकाचे पुस्तक पारखून घ्या
(विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरातील भाषण)



मुलाला संगणकाची भाषा शिकायची आहे, पुस्तक कोणते घ्यावे, असे पालक विचारतात. मी आज पायथॉन या एकाच स्क्रिप्टिंग भाषेपुरते बोलणार आहे. चार ओळी लिहून लगेच चालवून पाहता येतात, म्हणून नवशिक्यांना ती सोयीची. भाषा फुकट मिळते. पैसा जातो तो पुस्तकाला.

हुतात्मा चौकाच्या पदपथावर जुनी पुस्तके स्वस्तात मिळतात. कादंबरी जुनी चालते. पायथॉनच्या पुस्तकाचे मात्र आधी साल पाहावे. डिसेंबर २००८ मध्ये या भाषेची तिसरी आवृत्ती आली, ती जुनीशी पुरती जुळत नाही; आणि दुसरीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. साल सापडले नाही तर पहिला नमुना उघडा. पडद्यावर मजकूर उमटवणाऱ्या ‘प्रिंट’ या शब्दापुढे कंस नसेल, तर पुस्तक जुन्या आवृत्तीचे समजावे. सात भागिले दोन याचे उत्तर जुनी आवृत्ती ३ देते, नवी ३.५ देते.

यात एवढे काय, असे कोणी म्हणेल. परळ-लालबागच्या चाळीतला मुलगा पुस्तकातली ओळ जशीच्या तशी टाइप करतो आणि संगणक चूक दाखवतो. घरात विचारायला कोणी नाही. दोन-तीन रात्री असे झाले की तो म्हणतो, हे आपल्या डोक्यात शिरणार नाही. दोष छापलेल्या ओळीचा असतो आणि पोर तो स्वतःच्या बुद्धीवर घेते. पुस्तकाच्या किमतीपेक्षा हे नुकसान मोठे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी पारख छपाईची. पायथॉनमध्ये ओळीच्या सुरुवातीला सोडलेली मोकळी जागा हा व्याकरणाचाच भाग असतो. ‘जर’ची अट लिहिली की तिच्या खालची ओळ आत सरकलीच पाहिजे. घाईने छापलेल्या गाइडात सगळ्या ओळी डावीकडे एका रेषेत चिकटलेल्या असतील, तर तसे पुस्तक बिनदिक्कत परत ठेवावे.

जाडी पाहून भुलू नये. संगणकाने दाखवलेल्या चुकीचा संदेश कसा वाचावा, हे पुस्तकात सांगितले आहे का, ते पाहावे. नुसती प्रश्नोत्तरे परीक्षेच्या कामाची; भाषा शिकायला स्वतः सोडवण्याची उदाहरणे लागतात.

पायथॉनची अधिकृत प्रवेशिका इंटरनेटवर मोफत वाचता येते, इंग्रजीत आहे एवढेच. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठही मोफत आहेत. ते आधी आठवडाभर पाहावेत, मग दादरच्या दुकानात जावे. वाचनालयासाठी पुस्तक घ्यायचे असल्यास दोन प्रती घ्याव्यात. परीक्षेच्या दिवसांत एक पुरत नाही.